तारा तुटला तेव्हा

दिवेलागणीला गच्चीवर शेजारच्या सुमनताई सुनेकडून वाळवण गोळा करून घेत होत्या. "कुरडया जाडच झाल्यात. माहेरी शिकवलं नाही का काही?" सून चादरीवरच्या कुरडया डब्यात भरत राहिली. तेवढ्यात पश्चिमेला एक हिरवट गोळा सरकला, लखकन फुटला आणि विझला. आम्ही बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. जळणारा दगड आपला नसला की सुंदरच दिसतो.

तो का फुटतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. दगड इतक्या वेगाने येतो की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती पुढे दाटते, मागे पोकळी राहते, आणि दाबलेली हवा त्याच्या बारीक भेगांत शिरून त्याला आतून फोडते. हवाच ती, आपण सुखाने श्वास घेतो तीच. असे गोळे जगात रोज कुठे ना कुठे फुटतात. बहुतेक समुद्रावर, नाहीतर भर दिवसा. कुणाचं लक्षही नसतं.

"तारा तुटला की कुणीतरी जातं म्हणतात," सुमनताई हळूच म्हणाल्या.

सुनेने चादर झटकली, नीट घडी घातली.

"नुसतं म्हणतात हो, आई. लग्न झाल्यापासून बघतेय मी. कुठे कुणी जातंय?"