इंजिन एक नंबर

गेल्या पंधरा वर्षांत आमच्या गडब गावात माझ्या कानाखालून गेल्याशिवाय एकही जुनी दुचाकी विकत घेतली गेलेली नाही. (कानाखालून म्हणजे इंजिन खाली आणि माझा कान वर. दुसरा अर्थ काढू नये. तसं होण्याची वेळ एकदाच आली होती आणि तेच इथे सांगतोय.)

माझी पद्धत ठरलेली होती. गाडी चालू करायला लावायची. भोवतीच्या सगळ्यांना नुसत्या हाताने गप्प करायचं. पिशवीतून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढून त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग अर्धा मिनिट काहीही करायचं नाही. हा अर्धा मिनिट फार मोलाचा असतो. तेवढ्यात विकणाऱ्याला घाम फुटतो आणि घेणाऱ्याच्या घरची माणसं नकळत हात जोडून उभी राहतात. शेवटी डोळे उघडून एकच निकाल द्यायचा. "चेन गेलीय." किंवा, "इंजिन एक नंबर." त्यावर अपील नाही. लोक मला डॉक्टर म्हणत, चहाबरोबर बटर देत आणि घरापर्यंत सोडायला येत.

या सगळ्यात एकच छोटी अडचण होती. मला ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, ढोलताशा यायचा, आणि समोरच्याचं बोलणं ओठ बघून जुळवता यायचं. पण धाटावच्या एका कंपनीत कॉम्प्रेसर हाऊसमध्ये मी बावीस वर्षं काढली होती. कानात घालायला कंपनी रबरी बोळे द्यायची. मी ते खिशात ठेवायचो, कारण बोळे घालून फिरणारा ऑपरेटर आम्हाला पावसात छत्री घेऊन पोहणाऱ्यासारखा वाटायचा. दरवर्षी कानाची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबा म्हणायचे. मी काचेतून पलीकडच्या माणसाच्या बोटाकडे बघायचो. त्याचं बोट हललं की माझं बटण. बावीस वर्षं मी पहिल्या वर्गात पास होत गेलो. एकदा तर तो म्हणाला, काका, पंचविशीतल्या पोराचा कान आहे तुमचा. (कान नव्हे, डोळा!)

गाड्याही मी तशाच तपासायचो. डोळे मिटायचे म्हणजे पुरते मिटायचे नाहीत. बारीक फटीतून विकणाऱ्याचा गळा बघत राहायचा. आवंढा गिळला की गाडीत खोट. नाही गिळला, तर इंजिन एक नंबर. पंधरा वर्षांत दोनदाच चुकलो आणि दोन्ही वेळा दोष पेट्रोलवर ढकलून मोकळा झालो.

कंपनीने जुना प्लांट बंद केला, मी हायवेलगत शहाळ्यांची टपरी टाकली आणि त्याच सुमारास माझी मुलगी तनुजा धाटावलाच दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. गडबहून नागोठणं, नागोठण्याहून रोहा, रोह्याहून धाटाव. तीन वाहनं, आणि तिन्हींची आपसात बोलाचाली नाही. एक वेळेवर आलं की दुसरं रुसायचं. पहिल्या शिफ्टला ती वरचेवर उशिरा पोचू लागली. शेवटी लॅबच्या साहेबाने सांगितलं, की असे आणखी लेट मार्क लागले तर कायम करायचं विसर.

म्हणून गाडी. आणि पोरीला हवी होती स्पोर्ट्स गाडी. फार मोठी नव्हे, त्या जातीतली पहिली पायरी, आमच्यासारख्यांना झेपणारी. तिचं म्हणणं होतं की हायवेवर ट्रकच्या बाजूने निघायचं तर अंगात जोर असलेली गाडी पाहिजे. माझी बायको सुनंदा हिने फोनवरचा फोटो बघून विचारलं, "ह्याच्यावर मागं बसायचा कुठं गो? चिमणी बसंल त्याच्यावर." तनुजाने महिनाभर व्हिडिओ बघून एक यादी केली. टायर, चेन, पुढच्या शॉकअपला तेल गळतंय का, ब्रेक, धूर. नवी घेण्याइतकं साठायला वेळ होता, पण रोह्याला प्रीतम नावाच्या माणसाची थोडी वापरलेली लाल गाडी निघाली.

"बाबा, तुम्ही चला," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तरच घेते."

मी इस्त्रीचा शर्ट घातला.

प्रीतमच्या दारात चारपाच माणसं आधीच जमली होती. डॉक्टर येणार हे त्याने सांगून ठेवलेलं असावं. तनुजाने यादी काढली आणि एकेक तपासू लागली. टायरची नक्षी बघितली, खाली वाकून चेनचे दाते बघितले. मी हात मागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा उभा होतो. इंजिनाच्या बाजूला तेलाची पातळी दाखवणारी एक छोटी काच असते. यादीत तीही होती. ती काचेपाशी वाकली, तशी मी तिला थांबवलं.

"कान असताना काच कशाला बघायची?"

चारपाच माणसं कौतुकाने हसली. तनुजानेही यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. मी स्क्रूड्रायव्हर काढला.

गाडी चालू झाली. मूठ कानाला लावली, डोळे मिटले, फट ठेवली, आणि बघतो तर पंचाईत. प्रीतमच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता आणि दोन्ही गालांत तंबाखू. तंबाखू भरलेला माणूस आवंढा गिळत नाही. माझं सगळं शास्त्र त्या दोन गालांपाशी संपलं. अर्धा मिनिट झाला, पाऊण झाला. शेवटी मी नाइलाजाने तनुजाकडे बघितलं. ती भुवया आक्रसून एकदा इंजिनाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माझा निकाल ऐकायला पोरीचा जीव कासावीस झालाय. पंधरा वर्षांची कीर्ती आणि पोटच्या पोरीची ती नजर! मी डोळे उघडले.

"इंजिन एक नंबर. शिलाईची मशीन आहे नुसती."

प्रीतम क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, सगळ्यांत मोठा धक्का त्यालाच बसला असावा. मग बाजूला जाऊन थुंकला आणि जमलेल्यांना विचारलं, की डॉक्टर काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं ना. सगळ्यांनी ऐकलं होतं.

एक फेरी मारून बघायची ठरली. आम्ही आलो होतो ती माझी शहाळी वाहायची जुनी गाडी त्याच्या दारात ठेवली, तनुजा पुढे बसली, मी मागे. त्या मागच्या सीटबद्दल सुनंदाचं मत तंतोतंत बरोबर निघालं. पोरीच्या डोक्यावरून दोन वीत वर, गुडघे छातीला लावून मी बसलो होतो. मखरात मूर्ती जरा मोठी झाली की दिसते तसा. नागोठण्याच्या रस्त्याला लागलो. खिंडीचा चढ सुरू झाला तशी रस्त्यावरची माणसं आमच्याकडे वळून बघू लागली. एक म्हातारी गवताचा भारा घेऊन थांबली. एक कुत्रा मागे लागला आणि दहा पावलांत घाबरून परत फिरला. लाल रंग लोकांना फार आवडतोय असं समजून मी एक हात सोडून सगळ्यांना नमस्कार केला.

तनुजाने मान वळवून ओरडून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "बाबा, मजा येतेय का?"

"येतेय, येतेय!" मी ओरडलो. "अजून दाब!"

तिने विचारलं होतं, "बाबा, आवाज येतोय का?"

डॉक्टरांनी दाब म्हटल्यावर तिने दाबलं. पुढच्या वळणावर मागचं चाक एकाएकी जाम झालं. गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला गेली. पोरीने ती कशीबशी उभी धरली, मी मात्र सीटवरून थेट गवतात जाऊन मांडी घालून बसलो. लागलं काही नाही. इंजिनातून धूर येत होता. तनुजाने खाली बसून ती छोटी काच बोटाने पुसली. आत तेलाचा थेंब नव्हता; कोरडं इंजिन तापून आतून जाम झालं होतं.

"चालू केली तेव्हापासून टकटक होती," ती म्हणाली. "चढावर केवढी वाढली."

"कसली टकटक?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि माझ्या पाठीमागे गेली. बराच वेळ काही झालं नाही. मी गवताची कुसळं काढत होतो. मग ती पुन्हा समोर आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मी काय बोलले आत्ता?"

"काय बोललीस? काय नाय."

"तीन हाका मारल्या तुम्हाला."

मी म्हणालो, टकटक ऐकू येत होती तर तिथेच का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही एक नंबर म्हणालात ना. मला वाटलं, स्पोर्ट्स गाडीचा आवाज असाच असतो."

म्हणजे माझ्याकडे कान नव्हते, तिच्याकडे होते, आणि तिने स्वतःच्या सोडून माझ्या कानांवर विश्वास ठेवला होता.

छोट्या टेम्पोत घालून गाडी परत प्रीतमच्या दारात आणली. मघाची मंडळी तिथेच होती, उलट दोन वाढली होती. प्रीतमने आता गॉगल काढला होता आणि तोंडही रिकामं केलं होतं. माझ्या इतक्या जवळ आला की त्याचा हात उठतो की काय असं वाटून मी कानावर हात ठेवला. (संरक्षण करण्यासारखं तिथे काही उरलं नसताना.)

"काका, तुमीच बोल्लात ना, इंजिन एक नंबर हाय? सगल्यांनी ऐकला. मंग एक नंबर इंजिन खिंडीत मेला कसा? कोनी मारला त्याला?"

वकिलाला सुचणार नाही असा मुद्दा होता. माझ्याच तोंडचं सर्टिफिकेट त्याने माझ्या समोर धरलं होतं. यातून सुटायला मला एकच वाक्य बोलायचं होतं, की मला ऐकू येत नाही, माझ्या निकालाला काडीचा अर्थ नव्हता. एवढं बोललो असतो तर पोरीचे साठवलेले पैसे वाचले असते. तनुजा माझ्याकडे बघत होती. तिलाही ते वाक्य ठाऊक होतं, आणि ते मीच बोलावं म्हणून ती थांबली होती. पण त्या गर्दीत गडबचे दोघे होते. मागच्या दिवाळीत त्यांच्या गाड्या मीच पास केल्या होत्या.

मी घसा साफ केला.

"इंजिन एक नंबरच होतं," मी म्हणालो. "पोरीचा हात नवीन आहे. चढावर जास्त दाबलं तिने."

इंजिनाचं काम आमच्या खर्चाने करून द्यायचं तनुजाने तिथेच कबूल केलं. ती परतीच्या एसटीत बसली, मी माझ्या जुन्या गाडीवरून एकटा आलो. रस्ताभर मला काहीही ऐकू येत नव्हतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते बरं वाटत होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात हसण्यासारखं कमी आहे. साठवलेलं सगळं दुसऱ्याच्या गाडीच्या पोटात गेलं. तो सबंध पावसाळा पोरगी तीन वाहनं बदलत राहिली, लेट मार्क लागत राहिले आणि कायम होणं सहा महिने पुढे गेलं. दुरुस्त झालेली लाल गाडी प्रीतमने आठवड्यात विकली. घेणाऱ्याला म्हणे त्याने सांगितलं, की इंजिनाचं काम नुकतंच केलंय, आणि वर गडबच्या डॉक्टरने पास केलेली आहे. खोटं एकही नव्हतं.

घरी तनुजाने आईला एवढंच सांगितलं, की गाडी जमली नाही. मी जे बोललो ते तिने कुणालाच सांगितलं नाही. तिने सांगितलं असतं, त्यापेक्षा याचा त्रास जास्त होतो.

पावसाळा सरल्यावर ती मला पेणला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तीच काचेची खोली, तेच बटण. मी सवयीने बोट शोधू लागलो, तर तपासणारी बाई माझ्याकडे पाठ करून बसलेली! मी आयुष्यात पहिल्यांदा नापास झालो. कानात यंत्र बसलं. आता पंखा ऐकू येतो, कुकरची शिट्टी मोजता येते, आणि सुनंदा भांडी घासताना माझ्याशी नव्हे तर माझ्याविषयी बोलत असते, तेही कळलं. तिच्या बोलण्यातलं बरंचसं खरं आहे.

परवा तनुजा कायम झाली. दुसऱ्याच दिवशी आम्ही पेणच्या शोरूमला हप्त्यांवर मिळणारी नवी गाडी बघायला गेलो. मला चला असं कुणी म्हटलं नव्हतं, मीच आधी तयार होऊन बसलो होतो. गाडी निळी होती, हँडल खाली वाकलेलं, मागची सीट तशीच चिमणीची. तनुजाने हँडल धरलं आणि मला राहवलं नाही. मी पुढे झालो, इंजिनापाशी वाकलो, कानातलं यंत्र नीट दाबलं आणि डोळे मिटले. या वेळी अगदी प्रामाणिकपणे मिटले. आणि काय सांगू, आवाज आला! स्वच्छ आला.

"घरघर आहे," मी सेल्समनला म्हणालो. "आतमध्ये कुठेतरी घासतंय."

सेल्समन भला माणूस होता. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, गाडी अजून चालू नाय केली. वरचा पंखा हाय तो."

तनुजा हसली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने मला हाताने हळूच बाजूला केलं, खाली वाकून आधी ती छोटी काच बघितली आणि मग सेल्समनला म्हणाली, "आता चालू करा. मी ऐकते."

एवढं मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.