उसवून शिवलेली गोधडी

फाटकं दिसलं की आमच्या वन्संचा चेहरा उजळायचा. बाकीच्या बायका नवं लुगडं पाहून खुलतात, या बगलेत विरलेला सदरा पाहून. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पाणीगेटला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा चहा घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "सुमन, मी फुकट बसून खाणार नाही हो. फाटकंतुटकं असेल ते आण."

रफू करायला विकतचा दोरा त्यांना चालत नसे. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढायच्या. म्हणायच्या, "ज्याचं त्यालाच भरवावं, म्हणजे अंगी लागतं." रीळ आणायचंच झालं, तर लहरीपुऱ्यातल्या गुजराती दुकानदाराला घाम फुटे. "माजी, एक ज रंग छे!" दोन रिळं शेजारी धरून तो कळवळायचा. वन्सं ढिम्म. "ना भाई, आ पोपटी छे. मारे मेंदी जोईए."

अंगावरचा कपडा शिवायचा, तर ज्याचा त्याने दातांत दोरा धरायचा, ही आमच्याकडची रीत. ऑफिसला निघताना यजमानांचं बटण तुटलं, की वन्सं त्यांच्या तोंडात दोरा देत आणि मला हाक मारत, "ये सुमन, काय बोलायचं ते बोलून घे. आत्ता बाळू उलट बोलणार नाही."

पुढे मुलं कमावती झाली, आम्ही गोत्रीला राहायला गेलो. विरलेलं कुणी घालेना. "आत्या, जाऊ दे ने, नवा घेऊ," म्हणून मुलं मोकळी.  वन्सं ताटातली दुसरी पोळी तेवढी परत ठेवू लागल्या. "भूक नाही गं." मला कळत होतं सगळं. पण घरचं करून करून मीच इतकी थकलेली असायची, की कुणाची समजूत घालायलाही जीव उरत नसे.

एका दुपारी पाहते तर वन्सं आपलीच गोधडी उसवत बसलेल्या. चांगली धडधाकट गोधडी!

"अहो वन्सं, हिला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. उसवते, आणि पुन्हा शिवते." मान वर न करता म्हणाल्या, "हात कुठे ठेवू मग, तूच सांग."

हे घर तुमचंच आहे, हे म्हणून म्हणून माझी जीभ झिजली होती. मी तिथेच बसकण मारली आणि दुसऱ्या टोकाने उसवायला लागले.

"हळू! टाका काढायचाय, कापड नाही फाडायचं," त्या खेकसल्या. कितीतरी दिवसांनी खेकसल्या. संध्याकाळी पानावर दुसरी पोळी मागून घेतली.

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. गोधडी अर्धी शिवून झाली होती, उरलेली मी पुरी केली. मला कुठली ती कला! टाके हे एवढाले, आणि वाकडे. अंग टाकते तेव्हा माझी बाजू मी पायांकडे घेते.