खांद्यावरचे चिमटे

दोरीवरून सुनेचा शर्ट काढताना फौजदारीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर चिमट्याच्या खुणा आज पहिल्यांदाच त्यांच्या बोटांना लागल्या. चाळीस वर्षं त्या घरातले कपडे हातांनी धूत होत्या आणि एकाही शर्टाला त्यांनी कधी खांद्यावर चिमटा लावला नव्हता. शर्ट उलटा टांगायचा आणि चिमटे खालच्या शिवणीवर लावायचे, म्हणजे खूण आत खोचली जाते. शिवाय दुपारचे चार वाजले होते, ऊन रणरणत होतं, आणि सकाळी नऊला वाळत घातलेला शर्ट अजून ओलाच होता. कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

फौजदारीण हे नाव त्यांना इमारतीनं दिलेलं. गच्चीवर कुणाचा मोजा हरवला की तपास यांच्याकडे. त्यातले निम्मे मोजे शेवटी यांच्याच बादलीच्या तळाशी सापडत, पण ते सोडा.

आत्ताचा संशय सरळ सुनेवर होता. तीन महिन्यांपूर्वी चहा पिताना ती म्हणाली होती, "आई, कॉलरला साबण राहतो हो थोडा. मानेला खाज येते." तेव्हापासूनच कपडे कुणीतरी पुन्हा धूत असणार. म्हणजे उद्या सून म्हणणार, तुमच्यानं होत नाही, धुण्याला बाई लावू. स्वयंपाक केव्हाच सुनेकडे गेला होता, बाजार मुलाकडे. बाईंच्या हातात कपडे तेवढे उरले होते. तेही गेले की घरात नुसतं बसून खायचं.

सून साडेआठला ऑफिसला जाते ती सहाला येते, हे त्यांना माहीत होतं. पण म्हणून काय झालं? खालच्या मजल्यावरची शेजारीण तिचीच मैत्रीण ना!

दुसऱ्या दिवशी त्यांनी सापळा लावला. कपडे वाळत आल्यावर वर्तमानपत्राचा एक चतकोर घडी करून मुलाच्या शर्टाच्या खिशात सरकवला. कपडे पुन्हा भिजले की कागदाचा लगदा होणार आणि चोरी उघडी पडणार. मग जेवून त्या रोजच्यासारख्या आडव्या झाल्या, पण डोळे नुसतेच मिटले. दोन वाजता चपला हातात घेऊन जिना चढल्या.

गच्चीच्या नळापाशी बादलीसमोर उकिडवे बसले होते त्यांचे यजमान. निवृत्त गोदाम कारकून, ज्यांनी जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. कोपरापर्यंत हात ओले, आणि हातांवर, मिशांवर, बादलीतल्या एकूण एक कपड्यावर कागदाचे पांढरे कण. त्यात सुनेची काळी पँटही होती, उद्याच्या मोठ्या बैठकीसाठी मुद्दाम काढून ठेवलेली.

"अहो! तुम्ही?"

"खिशात कागद कुठल्या शहाण्यानं ठेवला?" यजमान वैतागून म्हणाले.

"मीच ठेवला. किती दिवस चाललंय हे?"

"सून खाजेचं बोलली त्या दिवसापासून." त्यांनी पँट झटकली. कण काही हलले नाहीत. "तुला पाण्यातला फेस दिसत नाही गं. तू सांगत नाहीस. मग मी तरी कसं बोलू?"

बाईंना आधी राग आला, मग लाज वाटली. डोळ्यांचं त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. कपडे तीनदा खळबळायचे, आकडा मोजायचा आणि पाणी नितळ आहे असं धरून चालायचं. साऱ्या इमारतीवर पाळत ठेवणाऱ्या बाईवर घरातल्याच माणसाची नजर होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता. त्या खाली बसल्या आणि बोटांनी चाचपून कण वेचू लागल्या.

सहाला सून थेट वरच आली. अजून निम्मी पँट पांढरी होती. तिनं काही विचारायच्या आत बाईंनी सांगून टाकलं, "मला फेस दिसत नाही. कागदसुद्धा मीच ठेवला होता. आता लाव तुझी बाई."

सुनेनं पँट उन्हात धरून पाहिली.

"बाई कशाला? वाळली की ब्रशनं निघेल हे. पण बाबा, चिमटे तेवढे खांद्यांना लावू नका हो. तीन महिने ऑफिसात खांद्यावर शिंगं घेऊन बसतेय मी."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आई, इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही झोपलात की बाबा बादल्या घेऊन गच्चीवर येतात. शेजारचे काका तर दार उघडून धरतात."

काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि तोही स्वतः फौजदारिणीनं घातलेला.

सकाळी त्यांनी नेहमीसारखे कपडे धुतले, तीनदा खळबळले. मग पिळायच्या आधी बादली यजमानांपुढे सरकवली.

"फेस आहे का, बघा."

यजमान वाकले. पाण्यात हात फिरवून म्हणाले, "नाही."

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. शर्ट पिळला, झटकला आणि उलटा करून त्यांच्या हातात दिला.