नावं झाकून वाचलेली कथा

कॉलेजच्या वार्षिक अंकाचा इतिहास यंदाच्या अंकासाठी लिहून दे, असा सरांचा फोन आला. अंक मुलांनीच काढायचा, सरांनी फक्त शेवटी सही करायची, ही आमची जुनी रीत. त्यामुळे इतिहास माहीत असलेली माणसं म्हणजे आम्हीच. मी हो म्हटलं आणि आठवडाभर कोरा कागद बघत बसले. इतिहास लिहायचा तर ती बैठक लिहावी लागणार, आणि ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

आमच्या अंकाचा एक नियम होता, आणि त्याचा आम्हाला भारी माज होता. आलेल्या लिखाणावरचं नाव कागदाची पट्टी चिकटवून झाकायचं, वर नंबर टाकायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून निकाल लावायचा. लिहिणारा तिथंच बसलेला असला तरी त्यानं तोंड उघडायचं नाही. वशिला नको म्हणून. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरची दहा-बारा टाळकी रिकाम्या वर्गात जमायची, कॅन्टीनमधून कटिंग चहा यायचा. संपादक मी. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये शिलाई मशीनच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे आवाज मोठा आणि जीभ त्याहून तिखट.

त्या वर्षी सात नंबरची कथा आली. एका कामगाराचा उजवा हात प्रेस मशीनमध्ये जातो, तीन बोटं तुटतात. तो बाहेर पडला की हात खिशात ठेवतो. मुलीच्या शाळेत सही करायची वेळ आली की म्हणतो, चष्मा विसरलो. मी वाचून संपवलं आणि म्हटलं, "हा बाप पिक्चरमधला आहे. रडवायचं ठरवूनच लिहिलंय. बोटं गेलेला माणूस चष्म्याची नाटकं कशाला करेल?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही, मी ओढणीखाली हात लपवून त्या बापाची नक्कल केली. सगळे हसले. शेजारी माझी जिवाभावाची मैत्रीण बसली होती, अंबरनाथ पश्चिमेची. तीही हसली. कथा बाद झाली.

बाद झालेल्या कागदांवरची पट्टी आम्ही काढत नसू. ते टेबलावर ठेवायचे, ज्याचे त्यानं गुपचूप घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी सात नंबर उचलताना मला ती दिसली. "सोड ना यार," ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम."

तिच्या घरी मी कितीदा तरी जेवले होते. तिचे पप्पा पलंगावर बसलेले असायचे, चादर हातांवर ओढून. "ये बाळा," म्हणायचे. आजारी असतील, एवढंच मला वाटायचं. त्यांचा उजवा हात मी कधी पाहिलाच नव्हता, हे मला त्या टेबलापाशी कळलं. तरी मी माफी मागितली नाही. नियम माझ्या बाजूनं होता ना! त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही. आमच्यात ती सर्वांत चांगलं लिहायची.

सरांच्या फोनमुळे शेवटी इतक्या वर्षांनी मी तिच्या आताच्या, बदलापूरच्या घरी गेले. चहा निवत होता. म्हटलं, "चुकलं माझं. ती कथा दे, सरांना सांगून या अंकात पहिली छापून घेते."

"तेव्हाच फाडली गं."

"मग परत लिही."

"कुणासाठी?" ती शांतपणे म्हणाली. "पप्पांना मी सांगून बसले होते, तुमच्यावर लिहिलंय, छापून येणार. अंक आला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले. डाव्या हातानं सगळा अंक चाळला त्यांनी, जाहिरातींसकट. म्हणाले, आपलं पुढच्या अंकात घेणार असतील. पुढच्या अंकाआधीच गेले."

मी निवलेला चहा एका घोटात संपवला.

"संपादक म्हणून तुझा फोटो होता ना त्यात," ती म्हणाली. "त्यावर बोट ठेवून मला म्हणाले, ही तर आपल्याकडे जेवायला येते, हिला एकदा सांगून बघ."