डोळ्यांच्या साथीतली पेसमेकरची ओपीडी

पेसमेकरच्या ओपीडीत मी टेक्निशियन होतो. ईसीजीचे जुने कागद वर्षाकाठी रद्दीत जायचे. किस्से कुठे घालायचे? ते साचतच गेले. त्यात ऐंशीच्या दशकातली ती डोळ्यांची साथ म्हणजे बंपर पीक!

अर्धी वाशी लाल डोळ्यांनी फिरत होती. आमच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांनी ऑर्डर काढली, "आत गर्दी नको." झालं! छातीत यंत्र बसवलेले म्हातारे थेट सायकल स्टँडवर. मी खिडकीतून वायर ओढून मशीन लावलं.

पहिल्याच दिवशी वॉचमनने एका आजोबांना हटकलं, "सायकल कुठाय?"

आजोबांनी छातीवर हात ठेवला. "गाडी आत बसवलीय!"

*

साहेब रोज दारात उभे राहून प्रत्येकाचे डोळे तपासायचे. स्वतः काळा गॉगल लावून! गायकवाडबाई, रिटायर्ड शिक्षिका, आमच्या नेहमीच्या पेशंट. त्यांनी पापणी ओढून दाखवली आणि म्हणाल्या, "आता तुमचे दाखवा."

"मला उन्हाचा त्रास होतो."

"छपराखाली?"

*

मग साहेबांची नवी आयडिया : पेशंटने यायचंच नाही. घरीच नाडी मोजायची, फोनवर कळवायची.

जवळच्या शिरवणे गावात आमचे पेशंट पाच, फोन एकच, सरपंचांकडे. दर सोमवारी सरपंचांचा रिपोर्ट, "पाचही जण बहात्तर!" साहेब खूश.

तिसऱ्या सोमवारी मी विचारलं, "सरपंच, मोजता कसे?"

"मोजायचा क्याला? तुमीच सांगितला ना, बहात्तर पायजे!"

मी फोन आपटला आणि शिरवणं गाठलं. चौघं ठीक होते. पाचवे धर्माकाका, खाडीत मासे धरणारे, ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. "गरगरतंय," एवढंच म्हणाले. नाडी बेचाळीस! बॅटरी संपत आली होती. घाम मलाच फुटला. काकांना रिक्षात घातलं आणि निघालो.

*

काकांना त्याच दिवशी मुंबईला नेऊन नवा पेसमेकर बसवला, ते ठणठणीत झाले, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याआधी आमच्याच दारात साहेब आडवे आले. कारण काकांचे डोळे लालभडक.

"डोळे आलेत. आत सोडता येणार नाही."

"साहेब, नाडी बेचाळीस आहे!" मी ओरडलो.

"नियम म्हणजे नियम."

माझ्या खांद्यावर टेकवलेली मान काकांनी कशीबशी उचलली.

"डोलं आलं तं मना अडवतंस? जीव चाल्लाय, त्याला अडव ना!"