पात्यात अडकलेला शिवदारा

व्यंकटीबद्दल सांगायचं तर आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी लागंल. तेवढी हिंमत गोळा करायला मला वर्ष लागलं, म्हणून आज सांगून राहिलो.

व्यंकटी आमच्या गावचा भोई. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी मागं आमच्या गावापर्यंत फुगलेलं असतं, त्यामुळं गोदावरी इथं तळ्यासारखी निवांत. त्या पाण्यावर व्यंकटीचा थर्माकोलचा तराफा. माणूस हडकुळा, पन्नाशीचा, अन् बोलायला लई महाग. दहा गोष्टी विचारा, होकाराचा एक ‘हाव’ मिळंल. मी दुकानदार माणूस, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. मला असली मुकी माणसं आधीपासूनच खपत नव्हती.

शाळेतल्या खेळाच्या बाई, पंचशीला मॅडम, यांनी खटपट करून शर्यतीच्या दोन जुन्या नावा गावात आणल्या अन् पोरींना रोइंग शिकवायला लागल्या. नावा ठेवायला मी माझं गोदाम दिलं. गोदाम दिलं म्हणून रोइंगच्या कमिटीचा अध्यक्ष झालो, दुसरी काही लायकी नव्हती. माझी शिवानी त्यांच्याकडंच तयार झाली. पोरगी वल्हं मारायला लागली की काठावरची म्हातारी माणसंसुद्धा बिडी विझवून बघायची.

ही नाव म्हणजे लांबच लांब, रुंदीला जेमतेम माणूस बसंल एवढी. मागच्या बाजूला पोटाखाली पंजाएवढं एक पातं असतं, त्याच्या जोरावर ती सरळ जाते. त्या पात्यात जलपर्णीचं एक मूळ अडकलं तरी नाव जड होते अन् एका अंगाला ओढते. म्हणून पोरी यायच्या आधी, दिवस उगवायला, व्यंकटी शर्यतीची वाट आखायला तरंगत सोडलेल्या लाल डब्यांच्या दोन रांगांमधलं पाणी साफ करून ठेवायचा. जलपर्णी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, सगळं तराफ्यावर ओढायचा. निर्माल्याची पिशवी सापडली तर काठावर बसून गाठ सोडायचा अन् फुलं-पानं लिंबाखाली खड्ड्यात पुरायचा. त्या बदल्यात डब्यांच्या पलीकडं त्यानं जाळं टाकावं, असा कमिटीचा ठराव होता. मासे तिथंच चांगले लागायचे. त्याचं घर त्यावरच चालायचं.

काठावर मी एक पाटी लावली होती. ‘नदी आपली माय आहे. तिच्यात घाण टाकू नका.’ खाली माझं नाव, विरूपाक्ष, नावाखाली अध्यक्ष. नावाची अक्षरं वरच्या मजकुरापेक्षा मोठी.

आता माझं शास्त्र ऐका. आम्ही मूळ उदगीरचे लिंगायत. आईची शिकवण अशी की देवाचा बेल पायदळी जाऊ द्यायचा नाही, वाहत्या पाण्यात सोडायचा. आई परडीतनं ओतायची अन् परडी घरी आणायची. मी दुकानातली जाड पिशवी घ्यायचो, कुत्र्या-कावळ्यानं फाडू नये म्हणून दोन गाठी मारायचो, स्कूटरवरनं नदीच्या वरच्या अंगाच्या पुलावर जायचो, हात जोडायचो अन् पिशवीसकट सोडून द्यायचो. देवाच्या निर्माल्याला लागलेली पिशवी परत घरात कशी आणायची? ती काय घाण थोडीच होती. घाण लोक टाकत होते.

मागच्या वर्षी महाशिवरात्रीला मी गळ्यातला शिवदारा बदलला. इष्टलिंग गळ्यात ज्या दोऱ्यानं असतं, तो दोरा. आमच्या घरी तो माझी बायको नीलम्मा वळते अन् टोकाला लाल सुताची बारीक गाठ मारते. जुना शिवदारा बेलाबरोबर पिशवीत घातला. थोडा बाहेर लोंबत होता. जाऊ दे म्हणलं.

पाचव्या दिवशी आमच्याच पाण्यावर चाचणी होती, बाहेरच्या पोरी आपापल्या नावा घेऊन आल्या होत्या. राज्याच्या शिबिरासाठी आमच्या भागातनं दोन पोरी घेणार होते. शिवानी पहिली येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. अर्ध्या वाटेपर्यंत ती दोन नावांच्या लांबीनं पुढं होती. अन् मग तिची नाव डावीकडं ओढायला लागली. पोरीनं जीव खाऊन वल्हं मारलं, पण नाव जणू कुणी मागनं धरून ठेवलेली. डब्याला धडकली. तिसरी आली.

व्यंकटी तराफा घेऊन सगळ्यात आधी तिच्यापाशी पोचला. नावेखाली हात घातला, काहीतरी सोडवलं, अन् बघितलं. मी काठावरनं बघून राहिलो होतो. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि ते अंगरख्यात कोंबलं.

झालं, माझं डोकं फिरलं. तो काठाला लागायच्या आधी मी गुडघाभर पाण्यात. ‘जाळ्याची दोरी होती ना रे? लपवतोस काय? पोरीचं वर्ष खाल्लंस तू.’ चारचौघांत आणखी जे बोललो ते इथं सांगवत नाही. शिवानी नावेत बसून रडत होती. व्यंकटीनं तिच्याकडं बघितलं, मग मान खाली घातली.

‘हाव,’ म्हणाला. ‘दोरीच होती.’

त्याच दिवशी कमिटीची बैठक घेतली. पंचशीला मॅडम मला म्हणाल्या, ‘अप्पा, दोरी बघू तरी आधी. एवढ्या वर्षांत त्याचं जाळं कधी डब्यांच्या आत आलेलं नाही.’ मी म्हणलं, त्यानं स्वतः कबूल केलंय, आता काय बघायचं? व्यंकटीचं काम बंद, जाळं बंद, तराफासुद्धा तिथं बांधायचा नाही. ठरावावर पहिली सही माझी.

तीन महिन्यांत पाण्याची पार दैना झाली. जलपर्णी डब्यांच्या वर चढली, पोरींचा सराव बंद पडायची वेळ आली. तेव्हा मी ठरवलं, जाऊ दे, व्यंकटीला माफ करू. होय, माफ. तसाच तोरा घेऊन त्याच्या घरी गेलो.

व्यंकटी घरी नव्हता. दिवस निघाला की दूरच्या पाझर तलावावर जातो, तिथं काही लागत नाही, असं त्याची बायको पंचफुला म्हणाली. मला बसायला पोतं टाकून ती पाणी आणायला आत गेली. समोर देवाचा कोनाडा होता. खंडोबाच्या टाकाशेजारी धुऊन, नीट गुंडाळून ठेवलेला पांढरा दोरा. टोकाला लाल सुताची बारीक गाठ.

आमच्या गावात लिंगायताचं घर एकच. अन् ती गाठ सबंध मुलखात एकच बाई मारते.

तेवढ्यात व्यंकटी आला, मला कोनाड्याकडं बघताना बघितलं, अन् उंबऱ्यातच थांबला. मी विचारलं, ‘तवाच का बोलला नाहीस?’

‘पोरगी नावंत बसल्याली व्हती, अप्पा,’ तो म्हणाला. ‘तिच्या म्होरं तिच्या बापाचं काय दावायचं? अन् ह्यो तुमच्या अंगावरचा दोरा. फेकवंना. म्हणून देवापाशी ठिवला.’

आता सांगतो ते सगळ्यात वाईट. माझ्या तोंडातनं पहिल्यांदा माफी निघाली नाही. मी म्हणलं, ‘शिवानीला सांगू नकोस.’

‘सांगायचं आसतं तर तवाच नसतं का सांगितलं,’ तो म्हणाला, अन् कोनाड्यातला दोरा माझ्या हातात दिला.

घरी येईपर्यंत मी स्वतःला दहा सबबी सांगितल्या. एकही टिकली नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, पण त्या दिवशी झाकायला काही उरलं नव्हतं. शिवानी ओसरीवर वल्ह्याची मूठ घासत बसली होती. मी दोरा तिच्यापुढं ठेवला अन् सगळं सांगितलं. पिशवी, दोन गाठी, पूल, सगळं. वाटलं ती रडंल, नाहीतर भांडंल. आपल्या हुकलेल्या शिबिराबद्दल बोलंल.

तिनं विचारलं, ‘मग तीन महिने व्यंकटीकाका मासे कुठं धरत होते, पप्पा?’

दुसऱ्या दिवशी मी चारचौघांत व्यंकटीची माफी मागितली. ठराव फाडला, पाटीवरचं नाव खरवडलं. व्यंकटी सगळं ऐकून ‘हाव’ म्हणाला अन् तराफा पाण्यात ढकलला. आता आमचं निर्माल्य परसातल्या बेलाच्या बुडाशी जातं. कुणी मला चांगलं म्हणलं तर मी तिथनं उठून जातो.

यंदाची चाचणी परवा झाली. शिवानी पहिली आली, शिबिराला चालली. पण माझ्या डोळ्यांपुढनं शर्यतीच्या आधीचं हलत नाही. नाव पाण्यात सोडायच्या आधी तिनं पोटाखालच्या पात्यावरनं हात फिरवला. दोनदा फिरवला. मग मान वर करून काठावरच्या गर्दीत कुणाला तरी शोधलं. मला वाटलं व्यंकटीला. तो तर तिच्या शेजारीच उभा होता. ती माझे हात रिकामे आहेत का ते बघत होती.