जिगमध्ये अडकलेला ब्रॅकेट

ग्राइंडरनं लोखंड कापताना येणारा जळका वास आला की मला घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली ती दुपार आठवते. शेंद्र्याच्या एका कारखान्यानं नमुन्याचा एकच ब्रॅकेट दिला होता. तसेच वीस हुबेहूब करून दाखवले, तर पुढचं काम मला मिळणार होतं. प्रत्येकात भोक एकाच जागी पडावं म्हणून मी जिग, म्हणजे ब्रॅकेट पक्का धरणारा साचा, करायला बसलो. दोनदा वेल्डिंगच्या उष्णतेनं पट्ट्या वाकल्या आणि भोक सरकलं. वर पत्रा तापलेला, खाली माझं डोकं. तिसऱ्यांदा मी नमुन्याचा ब्रॅकेटच तळाच्या जाड पत्र्यावर ठेवला आणि त्याला चिकटून चारी बाजूंनी पट्ट्या जोडल्या. भोकाची जागा दाखवणारी पट्टी वर ठेवून वेल्डिंगचे शेवटचे टाके मारणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "आन् हे परत निघंल कुठून?" मी काच डोळ्यांवर ओढत म्हणालो, "तुला यातलं नाय कळायचं," आणि टाके मारले. भोक केसभरही हललं नव्हतं, पण ब्रॅकेट आत कायमचा बंद झाला होता. हातोडीनं ठोकलं, पकडीनं ओढलं, स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी ग्राइंडरनं जिग कापली, तेव्हा नमुन्यावरही खोल चर पडला. आई गार झालेला चहा उचलून आत गेली, आणि मला त्याचाच जास्त राग आला. आता शेवटचा टाका मारण्याआधी मी काम एकदा हातानं बाहेर काढून बघतो, मग उगाच दाराकडं बघतो. तिथं विचारायला आता आई नसते.